रुमाल उरले, वाचणारे गेले



आजचा विषय एरवी व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवला जातो. आपण मात्र त्याच्याकडे इतिहासाच्या वाटेने जाणार आहोत. विषय आहे ज्ञान व्यवस्थापन, म्हणजेच नॉलेज मॅनेजमेंट. नाव जड आहे, पण अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे.

एखाद्या कचेरीत तीस-पस्तीस वर्षे काढलेले साहेब किंवा बाई निवृत्त होतात. शाल, श्रीफळ, दोन-चार भाषणे, फोटो. कपाटाच्या किल्ल्या आणि फायलींची यादी रीतसर सोपवली जाते. चार्ज दिल्या-घेतल्याच्या कागदावर सह्या होतात. आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी फोन वाजतो : "अहो, ती फाइल सापडली. पण त्यात तुम्ही काय केलंय ते कळत नाहीये. जरा सांगता का?"

फाइल जागेवर आहे, अक्षरेही दिसताहेत, पण कळत नाही. मग कचेरीच्या ताब्यात नेमके काय राहिले आणि त्या बाईंबरोबर नेमके काय घरी गेले? ज्ञान व्यवस्थापनाचा सगळा विचार या एका प्रश्नाभोवती फिरतो. हा शब्द १९९० नंतरच्या दशकात रूढ झाला, पण प्रश्न फार जुना आहे. तो समजून घ्यायला आपण पुण्याला जाऊ, पेशव्यांच्या दफ्तरात.

नोंद, माहिती आणि ज्ञान

अठराव्या शतकात मराठ्यांच्या राज्याचा कारभार पुण्याच्या ज्या मुख्य कचेरीतून चाले तिला फड म्हणत, आणि तिथल्या कागदपत्रांना हुजूर दफ्तर. हिशेबाच्या दृष्टीने या दफ्तराचे दोन मोठे भाग होते. एक चालते दफ्तर. त्यात चालू हिशेब असत आणि ते फडणिसांच्या हाताखाली असे. दुसरे एकबेरीज दफ्तर. ज्या कागदांची रोज गरज नाही ते सगळ्या खात्यांचे कागद तिथे जमा होत, त्यांची वर्गवारी होई आणि त्यांतून गोषवारे काढले जात.

आता त्या कागदांच्या पायऱ्या पाहा. पहिली पायरी रोजकीर्द. आज काय आले, काय गेले, कोणाला कोणती सनद दिली, त्याची रोजच्या रोज नोंद. दुसरी पायरी खतावणी. रोजकीर्दीतल्या विखुरलेल्या नोंदी उचलून त्या-त्या खात्याखाली लावायच्या. तिसरी पायरी तर्जुमा, म्हणजे गोषवारा. तो हाती आला की जमा, खर्च आणि शिल्लक एका नजरेत दिसे.

आजची व्यवस्थापनाची पुस्तके पहिल्याच प्रकरणात डेटा, इन्फर्मेशन आणि नॉलेज असे तीन शब्द शिकवतात. रोजकीर्दीतली एक ओळ हा डेटा, म्हणजे नुसती नोंद. खतावणीत ती योग्य खात्याखाली बसली की तिची माहिती होते. तर्जुम्यात ती माहिती निर्णयाला उपयोगी पडेल अशा रूपात येते.

मग ज्ञान कुठे आहे? तर्जुमा पाहून जो माणूस म्हणतो, "या परगण्याचा वसूल उतरला आहे. पाऊस तर शेजारच्या परगण्यातही कमी होता, पण तिथला वसूल उतरला नाही. तेव्हा कमाविसदाराकडे विचारणा करा," त्या माणसापाशी ज्ञान आहे. कागदावर दोन आकडे आहेत. त्यांच्यातला संबंध ओळखणारी नजर मात्र कागदावर नाही.

ही नजर तयार कशी होत असे? त्यासाठी मराठीत एक सुंदर शब्द होता, उमेदवारी. आज उमेदवार म्हटले की आपल्याला निवडणूक आठवते. पण पूर्वी कचेरीत नोकरीच्या आशेने येऊन बसणारा, जाणत्या कारकुनाच्या हाताखाली पडेल ते काम करणारा तरुण म्हणजे उमेदवार. बोरू कसा धरायचा, मायना कसा लिहायचा, कोणता कागद कोणत्या रुमालात बांधायचा, आणि कोणता आकडा पाहून थबकायचे, हे सगळे तो शेजारी बसून शिके. त्याला कोणी पुस्तक दिले नव्हते. त्याला शेजार दिला होता.

दफ्तर असून दफ्तर मोडते तेव्हा

नाना फडणीस मार्च १८०० मध्ये वारले. दुसरे बाजीराव १७९६ मध्येच गादीवर आले होते. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेने पुण्यावर चाल केली आणि शहराची घडी विसकटली. पुढे १८१८ मध्ये राज्य इंग्रजांच्या हाती गेले.

नव्या सरकारने हे दफ्तर ताब्यात घेतले तेव्हा मॅक्लाउड नावाच्या अधिकाऱ्याकडे ते लावण्याचे काम होते. त्याने जे लिहून ठेवले ते महत्त्वाचे आहे. चांगल्या काळात या दफ्तरात जवळपास २०० कारकून कामाला होते आणि कागद चोख ठेवले जात. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात मात्र कारकून कमी केले गेले, नोंदी नीट होईनात, आणि लोक कागद बाहेर नेऊ लागले.

इथे थोडे थांबू. दफ्तराची इमारत होती, कागद होते, पद्धतही कागदावर होती. पण बसणारी माणसे गेली की उमेदवारांना शेजार उरत नाही. कारकून कमी केला की एक पगार वाचतो, हे लगेच दिसते. त्याच्यामागे शिकणारी पुढची फळी तयार होत नाही, हे दिसायला दहा-वीस वर्षे जातात. तोवर ज्याने पगार वाचवला तो तिथे नसतो.

याची किंमत कोणी मोजली? सामान्य वतनदार-इनामदार कुटुंबांनी. १८५२ मध्ये मुंबई इलाख्यासाठी इनाम कमिशनचा कायदा झाला. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या इनाम जमिनींचा हक्क खरा की खोटा हे तपासायचे ठरले. घरातली सनद आणि सरकारी दफ्तरातली नोंद जुळली पाहिजे. घरातली सनद वाळवीने खाल्लेली, आणि दफ्तरातला कागद सापडत नाही किंवा बाहेर गेलेला. हजारो कुटुंबांच्या इनामांवर गंडांतर आले. एखादा कारकून पन्नास वर्षांपूर्वी जागेवर नव्हता, त्याचा हिशेब कुणाच्या तरी नातवाने जमिनीने चुकता केला. ज्ञान व्यवस्थापन हा शब्द कोरडा वाटतो, पण त्याच्या तळाशी अशी माणसांची पोटे असतात.

कुलूप आणि किल्ली

पुढे हे कागद पुण्यातच राहिले. १८९१ च्या सुमारास त्यांच्यासाठी दगडी इमारत उभी राहिली. हेच आजचे पेशवे दफ्तर. सुमारे ३५ हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आणि त्यांत कोट्यवधी कागद. पण सरकारला त्यांची गरज महसुलासाठी होती. संशोधकांना ते मुक्तपणे पाहू दिले जात नव्हते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी मग गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे कागद गोळा केले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड काढले. शेवटी रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. त्यांच्यामागे उभे होते जदुनाथ सरकार, एक बंगाली इतिहासकार.

इथे ज्ञान व्यवस्थापनाची आणखी एक मूळ कल्पना दिसते. साठवण आणि पोहोच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाऊण शतकाहून जास्त काळ कागद सुरक्षित होते आणि तरी ज्यांना त्यांतून शिकायचे होते त्यांच्यासाठी ते नव्हते. आपल्या कंपनीच्या सर्व्हरवर असलेली, पण पासवर्ड एकाच माणसाकडे असलेली फाइल आठवा.

पण कुलूप निघाल्यावरही एक अडचण उरली. कागद मोडीत होते.

मोडी ही भरभर लिहायची लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लावत जायची. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा पाळायचा नाही, नेहमीच्या शब्दांची संक्षिप्त रूपे वापरायची. लिहिणाऱ्याचा हात उचलला जाऊ नये यासाठीच सगळी योजना. लिहिणारा आणि वाचणारा एकाच फडावर बसलेले असत, तोपर्यंत काही अडत नव्हते. पुढे छापखान्याची आणि शाळेची लिपी बाळबोध ठरली आणि विसाव्या शतकात मोडी हळूहळू शाळांतून गेली.

बरे, मोडीची अक्षरे शिकलो तरी काम भागत नाही. समजा, कागदावर साल आहे ‘इहिदे सितैन मया व अलफ’. हे अरबी अंक आहेत : एक, साठ, शंभर आणि हजार. म्हणजे शुहूर सन ११६१. त्यात ६०० मिळवले की इसवी सन १७६१ येते. पण घाई करू नका. हे साल मृग नक्षत्राला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होते. तेव्हा याच सालातला दसऱ्याचा कागद १७६० चा आणि संक्रांतीचा कागद १७६१ चा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. एका वर्षाची गफलत झाली तर लढाईआधीचे पत्र लढाईनंतरचे ठरेल आणि मेलेला माणूस पत्र लिहू लागेल. पुन्हा तारखेआधी नुसता ‘छ’ दिसतो. तो मुसलमानी महिन्यातला चंद्र सांगतो. त्या काळच्या कारकुनाला हे कोणी लिहून दिले नव्हते, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक होते. आणि सगळ्यांना ठाऊक असलेलीच गोष्ट सगळ्यांत आधी हरवते, कारण ती लिहून ठेवावी असे कोणालाच वाटत नाही.

ही गोष्ट फक्त पुण्याची नाही. तंजावरला मराठ्यांचे राज्य होते. तिथल्या राजांचे मोडी कागद तमिळ मुलखात, सरस्वती महाल ग्रंथालयात शेकडो गठ्ठ्यांनी जपले गेले. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानांच्या दफ्तरांतही मोडी आहे. तुमच्यापैकी कित्येक जण याच शहरांतून हे ऐकत असाल. कदाचित पणजोबांच्या पेटीत असा एखादा कागद तुमच्याही घरी असेल. तो कुठे ठेवला आहे हे ठाऊक असते, त्यात काय आहे ते मात्र ठाऊक नसते.

शब्दांत न मावणारे ज्ञान

आता या अनुभवाला विसाव्या शतकाने कोणते शब्द दिले ते पाहू. मायकेल पोलान्यी हा हंगेरीत जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ पुढे तत्त्वज्ञानाकडे वळला. १९५८ आणि १९६६ मधल्या त्याच्या पुस्तकांनी एक मुद्दा ठामपणे मांडला. माणसाच्या ज्ञानाचा मोठा भाग शब्दांत येत नाही. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सावरतो ते विचारा, त्याला धड सांगता येणार नाही. पण तो पडत नाही. या ज्ञानाला अव्यक्त ज्ञान म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द टॅसिट. जे लिहिता, सांगता, मोजता येते ते व्यक्त ज्ञान.

आपल्याला हे नवे नाही. भाकरीची कृती एका ओळीत लिहून होते. तेवढी ओळ वाचून कोणाची भाकरी फुगली आहे? पीठ किती मळायचे हे आईच्या हाताला कळते, आणि आपल्याला ते आईच्या शेजारी बसूनच कळते.

जपानचे इकुजिरो नोनाका यांनी नेमका हाच धागा उचलला. १९९१ मधल्या लेखात आणि १९९५ मध्ये हिरोताका ताकेउची यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी एक उदाहरण सांगितले, ते आता जगभर शिकवले जाते. ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीला घरगुती पाव बनवण्याचे यंत्र तयार करायचे होते. पाव काही केल्या जमेना. वरून करपायचा, आतून कच्चा राहायचा. तेव्हा इकुको तानाका ही तिथली तंत्रज्ञ ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला गेली. तिच्या लक्षात आले की हा माणूस कणीक ताणता ताणता तिला एक पीळ देतो. त्याने हे कधी कोणाला सांगितले नव्हते. त्याचे हात ते करत होते. मग अभियंत्यांनी यंत्राच्या भांड्याला आतून खास कंगोरे दिले, तो पीळ यंत्रात उतरला, आणि १९८७ मध्ये यंत्र बाजारात आले.

या गोष्टीतून नोनाकांनी ज्ञानाच्या प्रवासाच्या चार अवस्था दाखवल्या. त्यांना मी साधी मराठी नावे देतो. पहिली सहवास : जाणत्याच्या शेजारी राहून शिकणे. दुसरी शब्दांकन : शिकलेले शब्दांत, चित्रात किंवा मापात मांडणे. तिसरी जुळवणी : अनेकांनी मांडलेले एकत्र लावणे. चौथी अंगवळणी : एकत्र केलेले पुन्हा माणसांच्या हातात मुरवणे. मग पुन्हा सहवास. हे चक्र फिरत राहिले तर संस्था शिकते.

आता पेशव्यांच्या दफ्तराकडे वळून पाहा. उमेदवारी हा सहवास. रोजकीर्द हे शब्दांकन. तर्जुमा ही जुळवणी. तर्जुमा वाचून तयार होणारी नजर ही अंगवळणी. आणि माणसे कमी झाली तेव्हा या चक्रातला पहिला दुवाच तुटला होता.

कागद होते तेही थोडे, माणसे होती तीही गेली

कोणी म्हणेल, ही जुनी बोरू-दौतीची गोष्ट. आजच्या प्रगत संस्थांत असे होत नसेल. म्हणून एक अलीकडचे उदाहरण.

अमेरिकेच्या पाणबुड्यांवरच्या क्षेपणास्त्रांसाठी डब्ल्यू-७६ नावाचे अण्वस्त्र आहे. त्यात फॉगबँक या सांकेतिक नावाचा एक पदार्थ लागतो. तो टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे १९७५ ते १९८९ या काळात तयार होत असे. मग काम संपले आणि तो तयार करणारा विभाग मोडीत निघाला. पुढे या अण्वस्त्रांचे आयुष्य वाढवायचे ठरले तेव्हा तो पदार्थ पुन्हा हवा झाला. आणि तो जमेना. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००९ मध्ये कारण नोंदवले : प्रक्रियेच्या नोंदी फारच थोड्या ठेवल्या होत्या आणि जाणणारे जवळपास सगळे लोक निवृत्त झाले होते किंवा सोडून गेले होते. ही अडचण सोडवायला ६ कोटी ९० लाख डॉलर लागले आणि कामाला किमान वर्षभर उशीर झाला.

यातला सर्वांत बोलका भाग पुढे आहे. नव्या लोकांनी प्रक्रिया जुळवली, तरी माल पूर्वीसारखा होईना. शेवटी कळले की जुन्या काळी कच्च्या मालात एक अशुद्धी राहून जात असे आणि तीच आवश्यक होती. नव्या पद्धतीत सफाई चांगली होती, त्यामुळे ती अशुद्धी निघून जायची. हे जुन्या कामगारांनाही ठाऊक नव्हते. त्यांचे काम नीट होत होते, पण का होत होते हे त्यांना माहीत नव्हते. म्हणून निवृत्तीच्या दिवशी "तुम्हाला माहीत आहे ते सगळे लिहून द्या" असे म्हणणे पुरत नाही. काम चालू असताना, शेजारी उभे राहून, "हे असेच का करता?" असे विचारणारा कोणीतरी हवा असतो.

मग करायचे काय?

एक आशेचे उदाहरणही आहे. १९८० च्या दशकात ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्यांबरोबर हिंडला. त्याने पाहिले की हे लोक जाडजूड पुस्तिकेपेक्षा एकमेकांच्या गोष्टींतून जास्त शिकतात. जेवताना, चहा पिताना एक जण सांगतो, "काल एक मशीन सारखे बंद पडत होते," आणि दुसरा म्हणतो, "अरे, तसेच माझ्याकडे झाले होते." वरच्या लोकांना हा टाइमपास वाटू शकतो. प्रत्यक्षात तिथे शिक्षण चालू होते. पुढे १९९० च्या दशकात कंपनीने ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभारली. दुरुस्ती करणाऱ्याने सापडलेली युक्ती लिहायची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती तपासायची, आणि ती सगळ्यांसाठी खुली करायची, शोधणाऱ्याच्या नावासकट. ते नाव महत्त्वाचे. आपले ज्ञान वाटले तर आपली किंमत कमी होईल, ही भीती खरी असते. नाव लागले की किंमत वाढते.

तेव्हा मित्रहो, इतिहासाकडून घ्यायचा धडा असा. कागद ठेवणे हे अर्धे काम आहे. कागद वाचणारा माणूस तयार ठेवणे हे उरलेले अर्धे, आणि तेच महाग, संथ आणि हिशेबाच्या पुस्तकात न दिसणारे आहे. सॉफ्टवेअर विकत मिळते, शेजार मिळत नाही. तो द्यावा लागतो.

तुम्ही एखाद्या कचेरीत, शाळेत, दुकानात, पतपेढीत किंवा सोसायटीच्या कमिटीत असाल तर उद्या एवढेच करा. ज्यांच्यावाचून अडते अशा एका व्यक्तीचे नाव मनात आणा. ती आज रजेवर गेली तर कोणते काम थांबेल ते पाहा. आणि तिच्या शेजारी एका नव्या माणसाला खुर्ची टाकून द्या, वर्षभर आधी. तो सारखे "का?" विचारील, तिला थोडा त्रास होईल, काम थोडे हळू होईल. होऊ द्या. तीच उमेदवारी आहे.

शाल-श्रीफळ मग निश्चिंतपणे द्या. तिसऱ्या दिवशी फोन वाजलाच तर तो तब्येत विचारायला वाजेल.